रिकाम्या खुर्चीचे पैसे कोण देतं?

दोस्तांनो, २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट आहे. आमच्या घरातली पाच माणसं चिकलठाण्याच्या विमानतळावरून मुंबईला निघाली होती. मी, माझी बहीण, तिचे यजमान, आठवीत शिकणारी भाची आणि भाचीची आजी, म्हणजे माझी आई. आजीचा हा आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास. तिनं पहाटे चारला उठून धपाटे केले होते आणि ते फडक्यात बांधून पिशवीत घेतले होते. "विमानात खायला देतात म्हणे, पण आपलं आपल्याजवळ असलेलं बरं," असं तिचं म्हणणं.

विमान सुटायला वेळ होता. शेजारी जालन्याचे एक काका बसले होते आणि पलीकडे वाळूजच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण. गप्पा सुरू झाल्या आणि आपल्याकडे गप्पा सुरू झाल्या की त्या तिकिटावर येणारच! काकांनी दोन महिने आधी तिकीट काढलं होतं, २,३०० रुपयांना. आम्ही तीन आठवडे आधी काढलं होतं, ते माणशी ४,१०० ला पडलं होतं. त्या तरुणाला साहेबांनी आदल्या रात्री मुंबईला जायला सांगितलं होतं. त्यानं मोजले होते ७,८०० रुपये.

आजीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! विमान एक, मुंबई एक आणि भाडी तीन? एसटीच्या कंडक्टरनं असं केलं तर लोक त्यालाच गाडीतून खाली उतरवतील."

विमानात बसल्यावर आणखी एक गंमत झाली. आमच्या पुढच्या रांगेतल्या तिन्ही खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. दार लागलं, विमान धावपट्टीवर गेलं आणि उडालंसुद्धा. भाची बराच वेळ त्या खुर्च्यांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मामा, तुम्ही एवढं लिहिता ना, मग सांगा. या तीन खुर्च्यांचे पैसे कोण देणार?"

प्रश्न साधा वाटतो ना? पण विमान कंपन्यांचं सगळं धोरण या एका प्रश्नाभोवती फिरतं. तिकीट महाग का, पाय ठेवायला जागा कमी का, खाणं विकत का आणि आपल्या गावात विमान येतं किंवा येत नाही ते का, या सगळ्यांची उत्तरं त्या रिकाम्या खुर्चीत दडलेली आहेत.

मेथीच्या जुडीहून नाजूक

किराणा दुकानातली साबणाची वडी आज नाही खपली तर उद्या खपते. मेथीच्या जुडीचं तसं नाही. संध्याकाळ झाली की ती सुकायला लागते, म्हणून आठवडी बाजारात दिवे लागताना भाजीवाल्या मावशी दहाची जुडी पाचाला देतात. विमानाची खुर्ची मेथीहूनही नाजूक. विमानाचं दार लागलं, की त्या क्षणी रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. ती उद्या विकता येत नाही, कारण उद्याची खुर्ची वेगळी.

बरं, खुर्ची रिकामी राहिली म्हणून खर्च वाचतो का? फारसा नाही. वैमानिक दोन लागतातच. विमानतळाचा आकार भरावाच लागतो. आपल्याकडे बहुतेक कंपन्या विमानं भाड्यानं घेतात, ते भाडं द्यावंच लागतं. इंधन हा तर सगळ्यांत मोठा खर्च. त्यावर जीएसटी नाही, प्रत्येक राज्य आपापला कर लावतं. माणसं निम्मी बसली म्हणून इंधन काही निम्मं लागत नाही.

आता वही-पेन्सिल घ्या. पुढचे आकडे मी फक्त गणितासाठी घेतले आहेत, बरं का! समजा, विमानात १८० खुर्च्या आहेत आणि एका फेरीचा खर्च ४,५०,००० रुपये. सगळ्या खुर्च्या भरल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला २,५०० रुपये येतात. निम्म्याच भरल्या तर ५,०००. पण तिकीट ५,००० केलं, की पुष्कळ लोक म्हणतात, "राहू द्या, रेल्वेनं जाऊ." खुर्च्या आणखी रिकाम्या होतात. मग करायचं काय?

कंपनी असं करते. ६० खुर्च्या १,५०० रुपयांना विकते. पुढच्या ६० विकते २,५०० ला. आणि शेवटी धावतपळत येणाऱ्यांसाठी उरलेल्या खुर्च्यांचा भाव लावते ५,०००. त्यातल्या ४२ खपल्या असं धरा. आता बेरीज करा. ९०,००० अधिक १,५०,००० अधिक २,१०,०००. झाले ना बरोबर ४,५०,०००? आणि १८ खुर्च्या तर रिकाम्याच आहेत!

मेथीची जुडी संध्याकाळी स्वस्त होते आणि विमानाचं तिकीट शेवटी महाग होतं, त्याचं कारण हेच. संध्याकाळी बाजारात येणाऱ्याला मेथी नाही मिळाली तर तो पालक घेतो. पण आदल्या रात्री तिकीट काढणाऱ्याला जाणं भागच असतं. कुणाची मुलाखत असते, कुणाच्या घरी आजारपण असतं. त्याची निकड कंपनीला ठाऊक असते.

ही युक्ती अमेरिकेत जन्मली. १९७८ साली तिथल्या सरकारनं विमानाची भाडी ठरवणं सोडून दिलं. स्वस्त तिकिटं विकणाऱ्या नव्या कंपन्या आल्या आणि जुन्या कंपन्यांना घाम फुटला. तेव्हा अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनं संगणकाच्या मदतीनं एकाच विमानातल्या खुर्च्यांचे वेगवेगळे भाव लावायला सुरुवात केली. आज जगभर हेच चालतं.

आधी टपाल, मग सरकार

आपल्या देशात मात्र रिकाम्या खुर्चीचे पैसे निरनिराळ्या काळात निरनिराळ्या लोकांनी दिले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून छोटं विमान घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला उतरले. त्या विमानात प्रवासी नव्हतेच, टपालाच्या पिशव्या होत्या. म्हणजे तेव्हा विमानाचा खर्च निघत होता तो पत्रांवर!

१९५३ साली सरकारनं विमान कंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या. देशातल्या देशात उडणाऱ्या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. तिकिटं महाग होती, ती सामान्य माणसाला परवडत नव्हती, आणि तरीही काही मार्ग तोट्यातच चालत. तो तोटा शेवटी सरकारी तिजोरीवर, म्हणजे सगळ्या देशावर पडायचा. कधी विमानात न बसलेल्या माणसाच्याही खिशातून!

पण त्या पद्धतीत एक चांगली गोष्ट होती. इंडियन एअरलाइन्सचं एक विमान दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर आणि औरंगाबाद करत मुंबईला जायचं. अगदी एसटीसारखं! एका शहरात खुर्ची रिकामी झाली की पुढच्या शहरात ती भरायची. परदेशी पाहुण्यांना जयपूरचे महाल, उदयपूरचे तलाव आणि आपली वेरूळ-अजिंठ्याची लेणी एका दोऱ्यात ओवल्यासारखी बघता यायची. वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही लेण्यांचा १९८३ साली जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश झाला, हे तुम्हांला माहीत असेलच.

याच मार्गाची एक दुःखद आठवणही आहे. शहरातल्या जुन्या माणसांना विचारा, ती अजून हळहळतात. २६ एप्रिल १९९३ रोजी या मार्गावरचं बोइंग ७३७ जातीचं विमान चिकलठाण्याहून मुंबईकडे झेपावलं. धावपट्टीच्या टोकाशी बीडचा रस्ता होता आणि त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाची चाकं त्या ट्रकला लागली. पुढे ते विजेच्या तारांवर आदळलं आणि शेतात कोसळलं. विमानात ११८ माणसं होती. त्यांतली ५५ गेली, ६३ वाचली. विमानाचं नाक वर उचलायला वैमानिकांकडून उशीर झाला आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती, असे दोन्ही दोष चौकशीत दाखवले गेले. म्हणजे विमानाची सुरक्षितता नुसती विमानात नसते, ती कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरही असते. काटकसर कुठे करायची आणि कुठे मुळीच करायची नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

एक रुपयात विमान!

१९९४ साली कायदा बदलला आणि खासगी कंपन्यांना विमानसेवेचं दार पूर्ण उघडलं. १९९३ सालीच सुरू झालेली जेट एअरवेज त्यांतली सगळ्यांत गाजलेली. वेळेवर विमान, गरम जेवण, हसतमुख सेवा. पण बसणारे बहुतेक व्यापारी आणि साहेब लोक.

मग २००३ साली कॅप्टन गोपीनाथ नावाच्या गृहस्थांनी एअर डेक्कन सुरू केली. ते आधी सैन्यात होते, नंतर शेती करत. विमानात साहेबच का, रिक्षावाला का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी काही तिकिटं चक्क एक रुपयाला विकली. सगळी नव्हे हं, मोजकीच! पण त्या एका रुपयाच्या गोष्टीनं लाखो लोकांच्या मनातली विमानाची भीती घालवली. "आपणही जाऊ शकतो" असं लोकांना वाटायला लागलं.

एवढं स्वस्त कसं परवडतं? त्याचा धडा अमेरिकेतल्या साउथवेस्ट या कंपनीनं घालून दिला होता. १९७२ साली पैशांची चणचण आली म्हणून तिला चारांपैकी एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक तर चार विमानांचं! मग तिच्या माणसांनी ठरवलं, की विमान उतरल्यावर दहा मिनिटांत पुन्हा उडवायचं. सगळे कामाला लागले आणि तीन विमानांत चारांचं काम झालं. त्यातून जगाला एक सूत्र मिळालं. विमान आकाशात असतं तेव्हाच कमावतं, जमिनीवर उभं असतं तेव्हा नुसतं खातं.

मग काटकसरीची यादीच तयार झाली. सगळी विमानं शक्यतो एकाच जातीची घ्यायची, म्हणजे वैमानिकांचं शिक्षण एक आणि सुटे भागही एकाच प्रकारचे. दोन रांगांमधलं अंतर कमी करायचं, म्हणजे जास्त खुर्च्या बसतात. फुकट जेवण बंद, हवं त्यानं विकत घ्यावं. खिडकीची जागा हवी? वेगळे पैसे. जास्तीचं सामान? वेगळे पैसे. आपल्याकडे २००६ साली सुरू झालेल्या इंडिगोनं हे सूत्र नेटानं पाळलं आणि ती देशातली सगळ्यांत मोठी कंपनी झाली.

तुम्ही म्हणाल, ही तर प्रवाशांची लूट झाली! अर्धं खरं, अर्धं खोटं. आजीलाच विचारा. विमानात सँडविचचे भाव ऐकून तिनं शांतपणे फडकं सोडलं आणि धपाटे काढले. वास सुटला तसा पलीकडचा तरुण वळून बघायला लागला, त्याच्याही हातावर एक पडला. ज्याला सँडविच नको, त्यानं त्याचे पैसे का भरावेत? ही काटकसर वाईट नाही. गुडघे समोरच्या खुर्चीला टेकतात ते मात्र माझ्यासारख्या उंच माणसाला तासाभरानं नको होतं.

आपल्या शहराला २०१९ मध्ये काय झालं?

आता आपल्या गावाकडे येऊ. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. कर्ज फार झालं होतं, इंधनाला पैसे उरले नव्हते. हजारो कर्मचारी घरी बसले, त्यांचे पगारही थकले होते. त्याआधी २०१२ साली किंगफिशर अशीच बंद पडली होती. म्हणजे या वेळी रिकाम्या खुर्च्यांचे पैसे दिले ते कर्मचाऱ्यांनी, बँकांनी आणि आधी तिकीट काढून बसलेल्या प्रवाशांनी.

जेटच्या यादीत औरंगाबादही होतं. दिल्ली-मुंबईला एक कंपनी गेली तर दुसऱ्या दहा असतात. आपल्यासारख्या शहरात मोजून दोन-तीन कंपन्या. त्यांतली एक गेली की पोकळी लगेच जाणवते. पर्यटनाचं शहर, वाळूज आणि शेंद्र्याचे कारखाने, आणि विमानं बोटांवर मोजण्याइतकी! परदेशी प्रवासी विचार करतो, सुट्टी आठ दिवसांची, त्यातले दोन दिवस अजिंठ्याला पोचण्यातच गेले तर? तो आग्र्याला जातो, राजस्थानात जातो. मग इथल्या गाइडचा, टॅक्सीवाल्याचा, हिमरू शाल विणणाऱ्याचा आणि लेण्यांजवळ दगडाच्या वस्तू विकणाऱ्याचा धंदा बसतो. विमानात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाची चूलसुद्धा विमानावर अवलंबून असते, ती अशी.

फेब्रुवारी २०२० मध्ये इंडिगो आपल्या शहरात आली आणि लोकांना हायसं वाटलं. पण पुढच्याच महिन्यात करोनामुळे देशभरची विमानं जमिनीवर आली! २५ मे २०२० ला देशांतर्गत उड्डाणं पुन्हा सुरू झाली, तेव्हा सरकारनं काही काळ भाड्याची खालची आणि वरची मर्यादा ठरवून दिली होती.

उडान आणि नांदेडची गोष्ट

लहान शहरांतल्या रिकाम्या खुर्चीचं काय करायचं, यावर सरकारनंही उपाय शोधले. १९८१ साली लहान शहरांसाठी वायुदूत नावाची कंपनी काढली होती, ती तोट्यात गेली आणि इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. मग आली उडान योजना. या योजनेतल्या विमानात ठरावीक खुर्च्यांचं भाडं तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपयांपर्यंतच ठेवायचं. त्यामुळे पडणारी तूट तीन वर्षं सरकार भरून देणार. आणि ते पैसे आणायचे कुठून? मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर एक आकार बसवून. म्हणजे दिल्ली-मुंबईचा प्रवासी लहान शहरातल्या रिकाम्या खुर्चीला थोडा हातभार लावतो.

२७ एप्रिल २०१७ रोजी योजनेची पहिली उड्डाणं झाली. त्यांत आपल्या मराठवाड्यातलं नांदेड होतं! नांदेडहून हैदराबादला ट्रूजेट कंपनीचं छोटं विमान निघालं. हीच कंपनी औरंगाबादहूनही हैदराबादला जायची. पण २०२२ साली ट्रूजेट थांबली. नांदेडकरांना पुन्हा वाट पाहावी लागली. २०२४ मध्ये स्टार एअरनं तिथून उड्डाणं सुरू केली.

यातून कळतं काय? सायकल शिकवताना बाबा मागून धरतात, तशी ही मदत. पण बाबांनी हात सोडल्यावर सायकल चालली पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. लहान शहराला लहान विमान, म्हणजे १८० ऐवजी सत्तर-ऐंशी खुर्च्यांचं. आणि वर्षभर बसणारे प्रवासी, नुसते दिवाळीचे नव्हेत.

मुंबईच्या फाटकातली गर्दी

आपल्याकडून मुंबईला जास्त विमानं का नाहीत, याचं एक कारण आपल्या शहरात नाहीच. ते मुंबईत आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उतरायला आणि उडायला मिळणारी प्रत्येक वेळ सोन्याच्या भावाची. मग कंपनी विचार करते, ही वेळ तासाभराच्या छोट्या फेरीला द्यावी, की दुबई-दिल्लीला द्यावी? नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. तिथे जागा वाढेल तशी आपल्यासारख्या शहरांना संधी मिळू शकते.

पण जमिनीवरची स्पर्धाही वाढली आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली, २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, तो आपल्या शहराजवळूनच जातो. विमान हवेत तासभरच असतं खरं. पण घरून विमानतळ, तपासणी, वाट पाहणं आणि मुंबईतली वाहतूक धरली तर चार-साडेचार तास सहज जातात. रेल्वे सहा-सात तासांत सोडते. मग जास्तीचे पैसे कशाला, असं पुष्कळांना वाटतं. २०१७ साली शिर्डीचा विमानतळ सुरू झाल्यापासून काही प्रवासी तिकडेही वळतात. दिल्ली, हैदराबाद, बंगळूर यांसारख्या दूरच्या शहरांसाठी मात्र विमानाला तोड नाही. आपल्या शहरानं आग्रह धरायचा तर या दूरच्या मार्गांचा धरावा, असं मला वाटतं.

जास्तीचे दोन धपाटे

आता शेवटची गोष्ट. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द होऊ लागली. एकट्या ५ डिसेंबरला हजाराहून अधिक! देशभरच्या विमानतळांवर माणसं सामानावर डोकं टेकून झोपली होती. कुणाचं लग्न चुकलं, कुणाची परीक्षा.

झालं होतं काय? थकलेल्या वैमानिकाच्या हातून चूक होऊ नये म्हणून सरकारनं विश्रांतीचे नवे नियम केले होते. आठवड्याला सलग ३६ तासांऐवजी ४८ तास सुट्टी आणि रात्रीची उतरणी कमी. नियम चांगलेच होते आणि त्यांची कल्पनाही आधी दिलेली होती. पण त्यासाठी जास्तीचे वैमानिक हवेत, त्यांची पुरेशी तयारी झाली नव्हती. देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहाहून अधिक प्रवासी या एकाच कंपनीनं जात होते. त्यामुळे ती अडखळली आणि सारा देश अडखळला. दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं इतकी भडकली, की सरकारला पुन्हा भाड्याची मर्यादा ठरवावी लागली. शिवाय विश्रांतीच्या नियमांतही कंपनीला तात्पुरती सवलत द्यावी लागली.

आजी घरी टीव्हीवर हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "मी आठ माणसांचा स्वयंपाक करते तेव्हा दोन धपाटे जास्तीचेच थापते. कोण कधी दारात येईल सांगता येतं का? यांनी अगदी मोजूनच थापलेले दिसतात."

दोस्तांनो, एवढा लेख लिहून मला जे सांगायचं होतं, ते आजीनं दोन वाक्यांत सांगितलं. फुकटचं सँडविच बंद केलं तर बिघडत नाही. विमान दहा मिनिटांत उडवलं तर कौतुकच आहे. पण वैमानिकाची झोप, धावपट्टीशेजारचा रस्ता आणि अडचणीसाठी राखून ठेवलेली माणसं, यांत काटकसर करायची नाही. रिकामी खुर्ची म्हणजे नेहमी तोटा नसतो. जास्तीचा वैमानिक हीसुद्धा एक रिकामी खुर्चीच आहे. रोज ती वाया गेल्यासारखी वाटते आणि एके दिवशी तीच सगळ्यांना तारते.

भाचीनं तेव्हा मान डोलावली आणि दिवाळीतला आपला प्रश्न पुन्हा काढला. "मग त्या तीन खुर्च्यांचे पैसे वाळूजच्या दादानं दिले ना?"

"पुष्कळसे त्यानं," मी म्हणालो, "आणि थोडे आपण."

"म्हणजे त्याला धपाटा दिला ते बरंच झालं," आजी म्हणाली.

हे लक्षात ठेवा

१. तासा-दोन तासांच्या प्रवासाचं विमान दोन तासांहून अधिक उशिरा निघणार असेल, तर विमानतळावर पोचलेल्या प्रवाशांना कंपनीनं खाणं-पाणी द्यायचं असतं. ते मागायला लाजू नका.

२. कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं काय हवं ते प्रवासी ठरवतो.

३. एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना आई-बाबांपैकी एकाच्या शेजारी जागा द्यावी, असं सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा छोट्या भावंडांनो, घाबरू नका!

करून पाहा

पुढच्या महिन्यातली एक तारीख ठरवा. आई-बाबांच्या मदतीनं आपल्या शहराहून दिल्लीच्या त्या तारखेच्या तिकिटाचा भाव रोज एकाच वेळी बघा आणि वहीत लिहा. तिकीट काढायचं नाही, नुसतं लिहायचं! तीस दिवसांनी आलेखाच्या कागदावर ठिपके जोडा. भाव कधी चढला, कधी उतरला? मध्ये सण आला का, लग्नाची तिथी आली का? तुमच्या आलेखातली सर्वांत उंच उडी कोणत्या दिवशी आली आणि का, ते वर्गात सगळ्यांना समजावून सांगा. गणिताच्या बाई नक्की खूश होतील.